सहा महिन्यांची एक चाल

डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेबाच्या फौजेने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला. मार्च १७००मध्ये छत्रपती राजाराम सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये सातारा पडला आणि कारभाराची सूत्रे ताराबाईंनी हाती घेतली. स्थिर राजधानी नाही, खजिन्याचा भरवसा नाही, कोणता मुलूख आज कुणाच्या ताब्यात आहे हे छातीठोकपणे सांगता येत नाही, अशी त्या वर्षी मराठी राज्याची अवस्था होती.

‘एम्पायर: टोटल वॉर’ हा संगणकावरचा खेळ नेमका याच वर्षी सुरू होतो. इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तो मार्च २००९मध्ये बाजारात आणला. सुरुवातीलाच खेळाडूने एक सत्ता निवडायची असते. ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, नेदरलँड्स, रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया, स्वीडन, पोलंड, ऑटोमन तुर्क आणि त्यांच्याच पंगतीत मराठे! औरंगजेबाचे मोगल यादीत नाहीत, त्यांची बाजू संगणक खेळतो. वेढ्यात सापडलेल्या साताऱ्याच्या जागी पडद्यावर नीट आखलेल्या सीमांचे, एका रंगात रंगवलेले राज्य दिसते. त्याचे वार्षिक उत्पन्न आकड्यात लिहिलेले असते, राजाच्या हाताखाली मंत्रिमंडळ असते आणि कर वाढवायला-कमी करायला पट्टी असते.

मराठी घरातल्या पोराला याचे अप्रूप वाटणे साहजिकच होते. शाळेच्या इतिहासात अटकेपर्यंत गेलेली घोडी इथे कॉन्स्टँटिनोपलपर्यंत, हिंमत असेल तर लंडनपर्यंत नेता येत होती. व्यापारी जहाजे ब्राझीलच्या किनाऱ्यावर उभी करून नफा घेता येत होता. प्रजेत असंतोष वाढला तर क्रांती होऊन छत्रपतींच्या राज्याचे प्रजासत्ताकही होऊ शकत होते. गंमत म्हणजे खेळाडू दुसऱ्याच देशाच्या बाजूने खेळत असला, तरी संगणकाने चालवलेले मराठे बऱ्याचदा मोगलांना गिळून अख्खा हिंदुस्थान व्यापत. युरोपातल्या युद्धात गुंतलेल्या परदेशी खेळाडूंना या बलाढ्य पूर्वेकडच्या सत्तेची ओळख अशी खेळातून झाली.

पण या खेळात मराठ्यांना मराठ्यांसारखे लढता येते का?

पालखेडचे उदाहरण घ्या. १७२७चा पावसाळा ओसरताना निजामाविरुद्धची मोहीम सुरू झाली. निजाम पुण्याच्या रोखाने आला, तर पेशवा बाजीराव पुणे राखायला थांबलाच नाही. तो जालना, वऱ्हाड, खानदेश अशी निजामाच्या मुलखात धूळ उडवत गुजरातेकडे गेला. निजाम मागे धावला, धावण्याच्या भरात त्याचा जड तोफखाना मागे पडला आणि फेब्रुवारी १७२८च्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेडला तो पाण्यावाचून कोंडला गेला. मोठी लढाई झालीच नाही. फील्ड मार्शल माँटगोमेरीनेही आपल्या युद्धेतिहासाच्या ग्रंथात या मोहिमेची तारीफ केली आहे.

‘एम्पायर’मध्ये एक टर्न म्हणजे सहा महिने. वर्षातून दोनदा चाल, शंभर वर्षांत दोनशे. म्हणजे पालखेडची सगळी मोहीम, तिच्यातली हूल, उलटी वळणे आणि दौड, एका चालीत बसते. खेळाडू फौजेच्या बाहुल्यावर क्लिक करतो, हिरव्या पट्ट्यात मावेल तितके अंतर ती चालते, वाटेत शत्रू भेटला तर लढाईचे मैदान उघडते. तिथे वीस तुकड्या एका बाजूला आणि वीस दुसऱ्या. घोडदळ बाजूने घालायचे, पायदळाच्या रांगा धरायच्या, तोफा टेकडीवर न्यायच्या. हे सगळे देखणे आहे, खिळवून ठेवणारे आहे. मात्र शत्रूला लढाईच न देता दमवण्याची कला त्यात दाखवायला जागा नाही. शिवाय या खेळात फौज उपाशी राहत नाही. नोव्हेंबर १७६०पासून पानिपतात अडकलेल्या भाऊसाहेबांच्या छावणीला रसद तुटल्याने जे भोगावे लागले, ते इथे कुणालाच भोगावे लागत नाही. थंडीने आणि वाळवंटाने माणसे गळण्याची व्यवस्था याच कंपनीने पुढच्या वर्षीच्या ‘नेपोलियन: टोटल वॉर’मध्ये केली. साहजिकच आहे, रशियातल्या बर्फाशिवाय नेपोलियनची गोष्ट सांगायची कशी?

युद्धाचा खेळ मांडताना काळाचे माप काय धरायचे, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. प्रशियाच्या सैन्यातला तरुण अधिकारी गेओर्ग फॉन राइस्वित्झ याने वडिलांच्या कल्पनेवर काम करून १८२४मध्ये ‘क्रीगश्पील’चे नियम सिद्ध केले. त्याची एक चाल म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. मोजमापाचा नकाशा, लाल-निळे ठोकळे, फासे आणि मध्ये पंच. दोन्ही सेनापतींना पंच सांगेल तेवढेच कळायचे, टेकडीपलीकडे काय आहे ते नाही. प्रशियाच्या सरसेनापतींच्या कचेरीने तो खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी उचलून धरला. पुढे अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा पुठ्ठ्यावरचा खेळ काढला, त्यांच्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने घराघरांत वॉरगेम नेले. १९९१मध्ये सिड मायर यांनी ब्रूस शेली यांच्या साथीने ‘सिव्हिलायझेशन’ रचला आणि सेनापतीच्या जोडीला खेळाडू राजा, कारभारी आणि शास्त्रज्ञही झाला. या घराण्यातल्या खेळांचे चार धंदे सांगतात: शोध, विस्तार, संपत्ती आणि संहार.

शेली पुढे टेक्सासमधल्या एन्सेंबल स्टुडिओजमध्ये गेले. १९९७मध्ये तिथून ‘एज ऑफ एम्पायर्स’ निघाला, १९९९मध्ये त्याचा दुसरा भाग. इतिहासाची माहिती कुठून घ्यायची याविषयी शेलींचे मत मासलेवाईक होते. फार खोल संशोधन नको, वाचनालयातला लहान मुलांचा विभाग बरा. खेळाडूला जे आधीच ठाऊक आहे, तेच त्याला पडद्यावर भेटले पाहिजे. इंग्रजांकडे लांब धनुष्ये, मंगोलांकडे घोड्यावरचे तिरंदाज, जपान्यांकडे सामुराई. या धोरणाने खेळ जगभर चालला. ज्यांच्याबद्दल अमेरिकेतल्या मुलांच्या पुस्तकांत काही नव्हते, ते मात्र बाहेर राहिले. १९९९च्या तेरा संस्कृतींत हिंदुस्थान नव्हता.

महाराष्ट्रातल्या मुलांना त्याने फरक पडला नाही. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात सायबर कॅफे गल्लोगल्ली झाले होते. घरी संगणक असला तरी तो ‘अभ्यासासाठी’ असे, आणि खेळाची सीडी बहुधा कुणीतरी कुणाकडून तरी कॉपी केलेली. कॅफेत लॅनवर चौघे चार खुर्च्यांत बसायचे, शेजारच्याच्या पडद्याकडे बघायचे नाही असा कायदा असायचा आणि तो कुणी पाळायचे नाही. चीट कोड टाईप करून मध्ययुगात बंदुका लावलेली स्पोर्ट्स कार उतरवणाऱ्याला शिव्या बसायच्या. पुढे ही मंडळी इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत गेली, तिथे लॅन फुकट होती. २००७मध्ये आयआयटी मुंबईने वसतिगृहांतले इंटरनेट रात्री बंद ठेवायचे ठरवले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या जागरणांच्या आणि बुडणाऱ्या तासांच्या कारणांत गेमिंगचेही नाव होते.

ज्याने ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग खेळलेला नाही, त्याला वाटते यात सारखी मारामारी असेल. पहिली दहा मिनिटे प्रत्यक्षात गृहस्थी चालते. हाताशी एक टाऊन सेंटर, तीन व्हिलेजर आणि एक घोडेस्वार. दोनशे अन्न, दोनशे लाकूड, शंभर सोने, दोनशे दगड. नवा व्हिलेजर पन्नास अन्न खातो आणि पंचवीस सेकंदांत तयार होतो. पाच माणसांमागे एक घर लागते, ते वेळेवर बांधले नाही तर माणसे जन्मायची थांबतात आणि वर पाटी येते, घरे बांधा. घोडेस्वाराने तोवर काळ्याशार नकाशात मेंढ्या हुडकायच्या. त्या एकेक करूनच कापायच्या, कारण चार एकदम कापल्या तर मांस नासते. रानडुकराला एका माणसाने बाण मारून टाऊन सेंटरपाशी पळवत आणायचे, बाकीच्यांनी तिथे त्याला घेरायचे. हिशेब चुकला तर डुक्कर माणसाला मारते आणि खेळाडूचा मूडही. दहाव्या मिनिटाच्या आसपास पाचशे अन्न मोजून पुढच्या युगात जायचे. या सगळ्यात टाऊन सेंटर एक क्षणही रिकामे बसता कामा नये. पट्टीचे खेळाडू सामना कुठे गेला ते लढाईत शोधत नाहीत. सातव्या मिनिटाला टाऊन सेंटर वीस सेकंद रिकामे होते, तिथे शोधतात.

या राज्यात म्हातारे नाहीत, पोरे नाहीत, आजारी नाहीत, सणवार नाहीत. तोडलेले झाड पुन्हा उगवत नाही आणि त्याचा मालकही नसतो. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे याचे कलम आहे. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, ती सरसकट तोडू नयेत. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे अमात्य बजावतात. संगणकाच्या राज्यात रयत आणि सरकार एकच असल्यामुळे कुणाला राजी करायचा प्रश्न येत नाही.

हिंदुस्थान या खेळात यायला २०१३ साल उजाडले. ‘द फरगॉटन’ या पुरवणीत ‘इंडियन्स’ नावाची एकच संस्कृती आली, जणू काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फौज होती. एप्रिल २०२२च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने ही चूक सुधारली. जुन्या संस्कृतीचे नाव हिंदुस्तानी झाले आणि बंगाली, द्रविडियन, गुर्जर अशा तीन नव्या आल्या. बाबर, राजेंद्र चोळ आणि पालवंशातला देवपाल यांच्या मोहिमा आल्या. द्रविड व्हिलेजरवर क्लिक केले की तो तमिळमध्ये उत्तर देतो. देवगिरीच्या यादवांना स्वतंत्र जागा मिळालेली नाही, त्यामुळे ‘जी’ म्हणणारा मराठी लाकूडतोड्या अजून पडद्यावर आलेला नाही. पंचवीस वर्षांहून जुन्या या खेळाचे सामने आजही रंगतात. ऑक्टोबर २०२२मध्ये तर जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यात स्पर्धा झाली.

या खेळांत राज्यांप्रमाणे व्यक्तींचेही आकडे होतात, आणि त्यातून काय घडते याचा नमुना म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’मधले गांधीजी. पहिल्या भागापासून सहाव्यापर्यंत हिंदुस्थानच्या नेत्यांत ते आहेतच. इंटरनेटवर वर्षानुवर्षे एक कथा फिरत होती: गांधीजींच्या आक्रमकतेचा आकडा एक ठेवला होता, लोकशाही आल्यावर त्यातून दोन वजा व्हायचे, वजा एक हा आकडा संगणकाला कळेना, तो उलटा फिरून २५५ झाला आणि अहिंसेचा पुजारी अणुबाँब टाकत सुटला. कथा इतकी चपखल की संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून सांगितली जाई. सिड मायर यांनी २०२०मध्ये आत्मचरित्रात ती खोडून काढली. अशी चूक त्या खेळात नव्हतीच. २०१०च्या पाचव्या भागात मात्र निर्मात्यांनी गंमत म्हणून गांधीजींचा अण्वस्त्रांचा कल मुद्दाम वर चढवून ठेवला होता. सातव्या भागात, २०२५मध्ये, सम्राट अशोक आले, मग मराठी घरात जन्मलेली झाशीची राणी लक्ष्मीबाईही आली.

आकड्यांच्या या कारभारात सर्वांत हिशेबी स्वीडनची पॅराडॉक्स ही कंपनी. तिचा २०१३चा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, म्हणजे वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी, आणि संपतो १८२१च्या जानेवारीत. जगाचे हजारो प्रांत, प्रत्येकाचे कर, उत्पादन आणि मनुष्यबळ असे तीन आकडे. दख्खनेत तेव्हा बहमनी आणि विजयनगर. मराठी संस्कृतीच्या एखाद्या छोट्या राज्यापासून सुरुवात करून, ठरावीक अटी पुऱ्या केल्या की मराठा राज्य स्थापता येते. २०१८च्या ‘धर्म’ या पुरवणीने तर हिंदुस्थानचा भाग चांगलाच भरून काढला. हा खेळ खेळणारे स्वतःच्या उद्योगाला थट्टेने नकाशा रंगवणे म्हणतात. शेजाऱ्याचा हिरवा प्रांत आपल्या रंगाचा झाला की तासाभराच्या कष्टांचे चीज होते. अधाशीपणा केला तर शेजारी एकजूट करून उलटतात, एवढी अक्कल खेळात आहे.

रंगाला राजकारणही चिकटते. याच कंपनीचा दुसऱ्या महायुद्धावरचा ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ चीनने २००४मध्ये बंद केला, कारण त्यात मांचुरिया, तिबेट आणि शिनजियांग वेगळ्या देशांच्या रंगांत दाखवले होते.

अठराव्या शतकातल्या मराठ्यांची पंचाईत नेमकी या रंगात आहे. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले, त्या दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या. महसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा मराठ्यांचा, सुभा मात्र मोगलांचाच. पालखेडनंतर मार्च १७२८मध्ये मुंगी-शेवगावला तह झाला, त्यात निजामाने हाच हक्क पुन्हा कबूल केला. एवढ्या झळाळत्या विजयानंतर नकाशाचा रंग जवळपास होता तसाच राहिला. एकाच गावात निजामाचा अंमलदार वसूल करी आणि मराठ्यांचा कमाविसदारही. पाटील-देशमुखांची वतने त्याखाली वेगळीच. मग ते गाव कुणाचे?

खेळाला हा प्रश्न विचारता येत नाही, कारण तिथे एका प्रांताला एकच धनी लागतो. खंडणीदार राज्य ठेवण्याची सोय ‘युरोपा’मध्ये आहे, पण खंडणी पूर्ण राज्य देते; गावागणिक वाटणी नाही. परिणामी मराठ्यांच्या बाजूने जिंकायचे तर फ्रान्ससारखे वागावे लागते: सीमा आखा, प्रांत जोडा, तिथे कर वसूल करणारी इमारत उभारा, पुढे सरका. नागपूरकर भोसले, शिंदे, होळकर, गायकवाड हे सरदार म्हणायचे की राजे, हा इतिहासातला अवघड गुंता ‘एम्पायर’ने मराठ्यांना दिलेल्या ‘कॉन्फेडरसी’ या नावापुरता उरतो. प्रत्यक्षात सगळी फौज एका माउसच्या हुकुमात. शनिवारवाड्यातून पाठवलेला हुकूम ग्वाल्हेरला जसाच्या तसा अमलात येईल, असे सुख कोणत्याही पेशव्याला मिळाले नाही.

दोष द्यायचा तर तो बुद्धीला नव्हे, साच्याला द्यावा लागेल. हे खेळ ज्या देशांत घडले, तिथल्या पाठ्यपुस्तकांत राज्य म्हणजे सीमा, राजधानी, झेंडा आणि कायम फौज. अठराव्या शतकातला युरोप याच दिशेने चालला होता, म्हणून प्रशियाच्या बाजूने ‘एम्पायर’ खेळताना इतिहास आणि खेळ एकमेकांना फारसे नडत नाहीत. साताऱ्याच्या बाजूने बसले की पावलोपावली नडतात. आणि मराठी खेळाडूंच्या दृष्टीने खरी मजा तिथेच आहे. चौथाई म्हणजे लुटीचे सभ्य नाव, एवढेच शाळेत ऐकलेला मुलगा खेळात तिला जागा सापडली नाही म्हणून ती नेमकी काय होती हे शोधायला सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’पर्यंत जाऊ शकतो. ‘एम्पायर’सारख्या खेळांसाठी खेळाडूच मॉड बनवतात, म्हणजे मूळ खेळात आपली फौज, आपले नियम घुसवतात. त्यांच्या वादांत घोडदळाचा वेग किती असावा, किल्ल्याची शिबंदी किती धरावी, असे प्रश्न संदर्भग्रंथांच्या हवाल्याने घासले जातात.

साचाही आता बदलतो आहे. पॅराडॉक्सच्या बार्सिलोनातल्या चमूने केलेला ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ नोव्हेंबर २०२५मध्ये आला. त्यात प्रांताच्या तीन आकड्यांच्या जागी माणसे मोजली आहेत, संस्कृती-धर्म-वर्गांसकट. जमिनीचा तुकडा नावावर नसलेल्या सत्ताही आहेत: फ्लॉरेन्सच्या बार्दी आणि पेरुझ्झी या सावकारी पेढ्या, किंवा नुसत्या फौजेच्या बळावर जगणाऱ्या टोळ्या. प्रदेश आपल्या रंगात असला म्हणजे आपल्या हातात आला असेही राहिलेले नाही. राजधानीपासून जितके लांब, तितका ताबा सैल आणि तितका वसूल कमी. रस्ते, नद्या आणि बंदरे त्यातून थोडीफार वाट काढतात.

हा खेळ १ एप्रिल १३३७ रोजी सुरू होतो. दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद तुघलक आहे. राजधानी दौलताबादला नेण्याचा खटाटोप नुकताच उलटला आहे, विजयनगर कोवळे आहे आणि बहमनींच्या बंडाला दहा वर्षे अवकाश आहे. दिल्लीची बाजू घेऊन बसलेल्या खेळाडूला दख्खन आपल्या रंगात दिसतो, पण तिथून हाती फारसे काही लागत नाही. तेव्हा पाठ्यपुस्तकात ज्याच्या लहरीपणाला हसलो, त्याच सुलतानासारखा तोही नकाशावर बोट ठेवून विचार करू लागतो की राजधानी थोडी दक्षिणेला हलवली तर?